अभ्यंगाचं तेल आणि हिरवे पेले

मला माफी मागायची सवय आहे. लिफ्टमध्ये दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी 'सॉरी' मीच म्हणतो. सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, की वाटतं आपलंच काहीतरी चुकलं असेल. उमेदीची वर्षं मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथे काहीही बिघडलं तरी ते आधी आपल्याकडून बिघडलं असं धरून चालायचं, अशी शिस्त होती. पुढे बोट सोडून तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून कंपनीच्या जहाजांची देखभाल बघायला लागलो, पण ती शिस्त काही सुटली नाही. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही एटीएमला पण सॉरी म्हणता." एकदा म्हणालो होतो. पिन चुकला होता.

तिनेच मला वाढदिवसाला पॉटरीच्या वर्गाची भेट दिली. "तुम्हाला हॉबी पाहिजे," ती म्हणाली, "नाहीतर रिटायर झाल्यावर दिवसभर आमचीच माफी मागत बसाल." बायकोने मान डोलावली. मी गेलो, कारण पैसे भरून झाले होते आणि न जाण्याचं मनाला लागलं असतं.

वर्ग बेटाच्या पश्चिमेला होता. जुन्या छोट्या कारखान्यांची एक ओळ आहे, त्यात मोटार दुरुस्तीच्या गाळ्याशेजारी. शिकवणाऱ्या बाई जपानी, लग्न करून इथे आलेल्या, केस पांढरे, उंची माझ्या खांद्यापर्यंत. सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे 'बाई' म्हणतो तसंच. कौतुक त्या शब्दांत करत नसत. भांडं बरं झालं की ते उचलून फळीवर ठेवत, बिघडलं की मातीच्या बादलीत टाकत. मला हे फार आवडलं. बादलीत गेलेल्या भांड्याची माफी मागावी लागत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक वाडगं माझ्या हातात दिलं. रंग असा, की मी ते उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं. बंदर सोडल्यावर, खोल पाणी लागायच्या आधी समुद्राचा एक पट्टा लागतो. तो हिरवाही नसतो आणि निळाही नसतो. कितीतरी वेळा ड्यूटी संपवून मी तो पट्टा बघायला डेकवर आलो आहे. तो रंग मी आता ओंजळीत धरून उभा होतो.

"सेलाडॉन," सेन्सेई म्हणाल्या. "जपानीत सेइजी. यात हिरवा रंग नाही. फक्त लोखंड आहे, चिमूटभर."

मला ते पटेना. लोखंड मला ठाऊक आहे. माझं अर्धं आयुष्य गंजाशी भांडण्यात गेलं. लोखंडाला हवा लागली की ते तांबूस, तपकिरी होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. सेन्सेईंनी तेच उलटं करून सांगितलं. भांड्याला जी काचेसारखी झिलई चढते, ती म्हणजे ग्लेझ. त्यात हे लोखंड असतं. भट्टीत भरपूर हवा असली तर ते पिवळट पडतं. हवा कमी केली, ज्वाळा उपाशी ठेवली, तर ती ग्लेझमधलाच प्राणवायू ओढून घेते आणि मागे हा रंग राहतो.

मी इंजिनियर आहे. ज्वाळेला पुरती हवा मिळते की नाही हे बघणं हेच माझं काम होतं. जहाजाच्या धुराड्यातून काळा धूर निघाला की कॅप्टनच्या आधी मी खाली मान घालायचो. आणि इथे ही बाई सांगत होती, की धूर व्हायला हवा, तेवढ्यासाठीच इतका खटाटोप. त्या दिवशी घरी येताना मी एमआरटीत एकटाच हसत होतो. शेजारची जागा रिकामी राहिली, आणि त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

वर्गात माझ्या शेजारच्या चाकावर एक चिनी आँटी बसायची. दातांच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच चालायचं. इथे मराठीत लिहिताना, सिंगापुरी लोक वाक्याच्या शेवटी जोडतात ते तिचं 'लाह' तेवढं मी राहू दिलं आहे, त्याच्याशिवाय ती तीच वाटणार नाही. तिच्या मते ग्लेझ आणि दातावरचं इनॅमल एकच. भांड्याचा काठ बोटाने चाचपून ती म्हणायची, "हे ब्रश करत नाही वाटतं." माझ्या पहिल्या वाडग्याला तिने 'कवळी' असं नाव ठेवलं होतं.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चिनी लग्नात सकाळी चहाचा विधी असतो. नवरा-नवरी वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहाचा पेला देतात. तो प्यायला, की नवी सून, नवा जावई घरचा झाला. हे पेले दुकानातून आणायला आँटी तयार नव्हती. "माझ्या लग्नात सासूने उसने आणले होते," ती म्हणाली. "विधी झाला आणि शेजारीण दारात उभी. पेले परत द्या. माझा चहा अजून पोटात पोचला नव्हता लाह." म्हणून मुलीच्या लग्नाचे पेले स्वतःच्या हातचे, आणि ते सेलाडॉनचे, कारण हा रंग जेडचा आणि जेड शुभ. तिने चार महिने दुसरं काही केलं नाही. एकसारखे पेले चाकावरून उतरवणं किती कठीण आहे हे ज्याने करून पाहिलं त्यालाच कळेल. सेन्सेईंनी त्यातले कितीतरी बादलीत टाकले. आँटी टाकलेल्या पेल्याकडे बघायचीसुद्धा नाही, पुढचा गोळा चाकावर थापायची.

तिची आणखी एक अट होती. सेलाडॉनला पुष्कळदा बारीक तडे जातात, ग्लेझच्या आतल्या आत, कोळ्याच्या जाळ्यासारखे. जपानी लोकांना ते सुंदर वाटतात. सेन्सेई तर भट्टी उघडल्यावर कान देऊन बसायच्या, कारण निवताना तडा गेला की भांडं 'टिंग' असा आवाज करतं. आँटी म्हणाली, "लग्नाच्या पेल्याला तडा? माझ्या विहीणबाई दारातूनच परत जातील." मग सेन्सेईंनी तिच्यासाठी ग्लेझ वेगळं कालवलं, तडे न जाणारं.

इथे दीपावलीची सुट्टी एकच दिवस असते. त्या वर्षी ती नेमकी आपल्या नरकचतुर्दशीला आली, आणि सेन्सेईंनी ग्लेझ लावायचा दिवसही तोच धरला, कारण सगळे मोकळे. मातीची भांडी आधी एकदा भाजतात, मग ग्लेझमध्ये बुडवतात, मग पुन्हा भाजतात. पहिली भाजणी झाली होती. दुसरी, गॅसच्या मोठ्या भट्टीतली, रविवारी व्हायची होती. ती भट्टी भरली की महिन्या-दीड महिन्यातून एकदाच पेटते. त्यानंतर सेन्सेई आईला भेटायला जपानला जाणार होत्या, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी लग्न होतं. म्हणजे संधी एकच.

आमच्या घरी दिवाळीची पहाट बायको कडक पाळते. माझ्या बहुतेक दिवाळ्या बोटीवर गेल्या, त्यांची भरपाई ती आता करून घेते. तिळाचं तेल कोमट करून, त्यात सुगंधी काहीतरी घालून, तिने मला पाटावर बसवलं. खांदे, पाठ, हात. "अहो, कोपरापर्यंत नीट चोळा. इंजिनातल्या तेलाने कातडं कसं झालंय बघा." मग उटणं, मग गरम पाणी. कारिट इथे मिळत नाही, म्हणून सुपरमार्केटातला चेरी टोमॅटो मी अंगठ्याखाली चिरडायला गेलो. तो फरशीवरून घसरून बाथरूममध्ये गेला आणि मुलगी झोपेतून उठून म्हणाली, "नरकासुर एस्केप्ड." फराळाचा डबा घेऊन मी निघालो तेव्हा इतका प्रसन्न होतो, की लिफ्टमध्ये कोणालाही सॉरी म्हणालो नाही.

वर्गात फळ्याजवळ एक सूचना कायम लिहिलेली असायची: ग्लेझच्या दिवशी हाताला क्रीम नको. पहिल्या भाजणीनंतर भांडं स्पंजासारखं होतं. ते पाणी पितं आणि म्हणून ग्लेझची भुकटी त्याला धरून बसते. तिथे चिकटपणा लागला की भांडं पाणी पीत नाही. ही सूचना मी कितीदा वाचली होती. पण माझ्या लेखी क्रीम म्हणजे ट्यूबमधलं. अभ्यंग म्हणजे आंघोळ. आंघोळ करून आलेला माणूस स्वच्छ असतो, यात मला शंका घ्यायला जागाच दिसली नाही. डब्यातल्या चकल्या सगळ्यांनी काम झाल्यावर खायच्या असं ठरलं, तेही मीच सुचवलं, कारण चकली तेलकट.

लहान भट्टीतून पहिल्या भाजणीची भांडी मी एकट्याने काढली. खाली वाकावं लागतं, आणि बाकीच्यांची कंबर धरते. फार जपून काढली. आँटीचे पेले तर एकेक करून, काठाला अंगठा आणि बोट लावून, बाळ उचलावं तसे. फिकट गुलाबी, कोरडे, हलके. ते फळीवर ओळीने मांडून झाले तेव्हा मला स्वतःविषयी बरं वाटलं. असं मला क्वचित वाटतं.

आँटीने पहिला पेला ग्लेझच्या बादलीत बुडवला, मनात काहीतरी मोजलं, आणि बाहेर काढला. ग्लेझ ओलं असताना राखाडी दुधासारखं दिसतं. पेल्यावर ते छान बसलं होतं. फक्त काठाजवळ एक अर्धचंद्र उघडा राहिला. गुलाबी. तिने तो पुसून पुन्हा बुडवला. पुन्हा अर्धचंद्र. दुसरा पेला. त्याच जागी, तसाच.

सेन्सेई पेला घेऊन खिडकीशी गेल्या. "कोणी क्रीम लावलंय?"

कोणी लावलं नव्हतं. आँटी म्हणाली, "मी गुडघ्याला बाम लावते. पण पेले मी गुडघ्याने धरत नाही."

सेन्सेईंनी पेला नाकाशी धरला. मग दुसरा. "गोमा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग आमच्याकडे वळून, "तीळ. हे तिळाचं तेल आहे."

आँटीचा चेहरा पडला. मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. ती हळूच स्टुलावर बसली. "मीच ती," ती म्हणाली. "काल रात्री मुलीसाठी तिळाच्या तेलातलं चिकन केलं. लग्नाआधी घरचं जेवण म्हणून. साबणाने हात धुतले होते लाह. दोनदा धुतले." ती तळव्यांकडे बघत राहिली. "स्वतःच्या मुलीचे पेले."

माझ्या मनगटाला अजून सकाळचा वास येत होता.

आयुष्यभर मी नको तिथे सॉरी म्हणत आलो. आणि जिथे ते खरोखर माझं होतं, तिथे माझी जीभ टाळूला चिकटली. कारण माझी चूक दुसऱ्या कोणीतरी उचलून घेतली होती. ती सगळ्यांना पटली होती, आणि चिनी स्वयंपाकघर, तिळाचं तेल, सगळं नीट जुळतही होतं. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. मी उभा राहिलो. फार वेळ नाही, आँटीने डोळ्यांना बाही लावली तेवढाच वेळ. पण तेवढा वेळ उभा राहिलो, हे मला इथे लिहायलाच हवं.

"ते मी आहे," मी म्हणालो.

आँटीने वर पाहिलं. "तू पण चिकन केलंस? तू शाकाहारी ना?"

मग मी अभ्यंगस्नान समजावून सांगितलं. इंग्रजीत ते फार विचित्र वाटतं. पहाटे उठायचं, अंगभर तेल लावायचं, मग ते धुऊन टाकायचं, आणि टोमॅटो चिरडायचा.

"धुवायचंच तर लावायचं कशाला?" आँटीने विचारलं.

"शरीराला चांगलं असतं."

"आणि टोमॅटो?"

"तो राक्षस आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात ओढून घेतला, नाकाशी नेला आणि सेन्सेईंना म्हणाली, "हो, हाच लाह. मी नाही." तिच्या आवाजात इतकी सुटका होती, की मी बोलायला जेवढा उशीर केला होता तेवढाच तो मला आणखी टोचला. मी सुरू झालो. सॉरी, आय ॲम सो सॉरी, माझ्या लक्षातच आलं नाही, खरंच सॉरी, तुमचे पेले, लग्न, सॉरी.

"एक पुरे," आँटी म्हणाली. "तू दहा वेळा सॉरी म्हणशील, मला दहा वेळा 'असू दे' म्हणावं लागेल. मला वेळ नाही. माझ्या घरी लग्न आहे."

सेन्सेईंनी विचारलं, "किती भांडी तुम्ही हातात घेतलीत?"

"सगळी."

त्यांनी फळीवरच्या सगळ्या भांड्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, आता बादली. पण त्यांनी स्पंज माझ्या हातात दिला, आणि रबरी हातमोजे. "तेल भांड्याच्या आत गेलं. पाण्याने निघणार नाही. फक्त आगीने निघेल. ग्लेझ पुसून काढा, वाळवा, पुन्हा पहिली भाजणी. मग पुन्हा ग्लेझ. रविवारच्या आत."

घरी आलो तर बायको दारातच. "झाले का पेले?" मी सगळं सांगितलं. तेल तिने लावलं होतं, तिला वाईट वाटेल, म्हणून तिला कसं सांगायचं ते वाक्य मी येताना तीनदा मनात घोळवून ठेवलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उटणं नीट लावलं नसणार. सांगत होते, घासा म्हणून."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, यू मॅरिनेटेड द पॉटरी, लाह."

त्या दोघी एकमेकींकडे बघून जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. मी गंभीर राहायचा प्रयत्न केला. मग मीही हसलो. बायको डोळे पुसत म्हणाली, "आता त्या बाईंची आणखी माफी मागू नका. उद्या काय काम आहे तेवढं करा."

काम पुष्कळ होतं. ओली भांडी तशीच भट्टीत घातली तर फुटतात, आणि नोव्हेंबरमधल्या सिंगापुरात काहीही वाळत नाही. दुपारी पाऊस आणि उरलेला वेळ पावसाची वाफ. सेन्सेईंच्या छोट्या ऑफिसात एसी होता. तो ड्राय मोडवर टाकून आम्ही सगळी भांडी तिथे टेबलावर, खुर्च्यांवर, फाइलींच्या कपाटावर मांडली. आँटी त्यांच्यामध्ये स्वेटर घालून पहारा देत बसली. मी शुक्रवारी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा म्हणालो, घरचं लग्न आहे. हे सांगताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

पुन्हा भाजणी झाली. शनिवारी भांडी काढताना हातमोजे माझ्या हातात, आणि हातमोज्यांखाली कालपासून साबणाने धुऊन सुरकुतलेली बोटं. आँटीने पहिला पेला बादलीत बुडवून काढला. आम्ही सगळे वाकून काठाकडे बघत होतो. ग्लेझ काठावरून सलग उतरलं. कुठेही अर्धचंद्र नव्हता. सेन्सेईंनी तो पेला तिच्या हातून घेतला आणि फळीवर ठेवला.

रविवारी उजाडताना गॅसची भट्टी पेटली. सकाळभर ती हळूहळू तापवायची. दुपारकडे आच पुरेशी चढली, की धुराड्याची झडप थोडी लोटून हवा कमी करायची, तिथून रंगाची गोष्ट सुरू होते. सेन्सेईंनी मला झडपेशी उभं केलं.

"मी नको," मी म्हणालो. "मी आधीच..."

"तुम्हाला ज्वाळा कळते," त्या म्हणाल्या. "थोडी आत. अजून थोडी."

मी झडप लोटली. भट्टीचा आवाज बदलला. तो बदल मला पायातून कळला, इंजिनरूममध्ये कळायचा तसा. भट्टीच्या दाराला एक लहान भोक असतं, त्यातून नारिंगी ज्वाळेची जीभ बाहेर आली, लांब, आळसावलेली, टोकाला किंचित हिरवी. जळक्या गॅसचा वास आला. माझ्या अंगातला इंजिनियर ओरडत होता, हवा दे, हवा दे, हे चूक आहे. हात झडपेकडे गेलासुद्धा.

"राहू द्या उपाशी," सेन्सेई म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. आँटी स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली, थर्मासमधून चहा ओतला, आणि त्या ज्वाळेकडे बघत म्हणाली, "माझा नवरा डाएटवर असताना असाच दिसायचा." मग डबा उघडून तिने चकली मोडली. आमच्या चकल्या तिने घरी नेल्या होत्या आणि आता त्याच घेऊन आली होती. "हे तेल चांगलं आहे," ती म्हणाली. "हे खायचं. अंगाला नाही लावायचं." दुपारभर आम्ही असेच बसलो. पाऊस पडून गेला. शेजारच्या गाळ्यातला मोटार दुरुस्तीवाला डोकावून विचारून गेला, आग लागली का. सेन्सेई भोकातून आत बघत, मला सांगत, मी झडप बोटभर सरकवत होतो. इतक्या वर्षांत एखाद्या यंत्राशेजारी उभं राहून मी इतका सुखात नव्हतो.

भट्टी निवायला दीड दिवस लागतो. त्याच्या आधी दार उघडलं, तर थंड हवेने सगळं हातचं जातं. मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून थेट तिकडे गेलो. सेन्सेईंची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली होती. आँटी आधीच येऊन भट्टीसमोर स्टुलावर बसली होती.

सेन्सेईंनी दार हळूच ओढलं. आतून ऊब आली. आत अंधारात हिरवं काहीतरी चमकत होतं, ओळीने, खालच्या फळीवर. टॉर्च लावला. तो समुद्राचा पट्टा तिथे पेल्यापेल्यांतून उभा होता.

"शू," आँटी म्हणाली.

आम्ही कान दिले. रंग आला होता. आता आवाज यायला नको होता.

टिंग.

आँटीने माझं मनगट घट्ट धरलं. टिंग. पुन्हा टिंग. सेन्सेई वाकल्या, कान एकेका फळीशी नेला. खालच्या फळीशी त्या बराच वेळ थांबल्या. मग उठून वरच्या फळीवरचं एक वाडगं त्यांनी कापडात धरून बाहेर काढलं. ते माझं होतं. मी त्यांचं नेहमीचं ग्लेझ जरा जास्तच जाड लावलं होतं. माझ्या हातात येताच ते पुन्हा वाजलं.

"कवळी," आँटी म्हणाली, आणि मोठ्याने हसली.

पेले गप्प होते. एकेक बाहेर आला तरी गप्पच. प्रत्येकाचा काठ मी टॉर्चखाली फिरवून बघितला, माझ्या अंगठ्याच्या जागी काही राहिलं आहे का. काही नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो, तेव्हा आँटीने टॉर्च काढून घेतला. "पुरे शोधणं. नाही आहे ते."

सेन्सेई माझं वाडगं घेऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या विमानात होत्या. त्या परत आल्यावर वर्ग सुरू झाला तेव्हा मला दिसलं, की त्यांनी ते फळीवर ठेवलं होतं.

लग्नाला आम्हा तिघांना बोलावणं होतं. सरकारी वसाहतीतला आँटीचा एचडीबी फ्लॅट, सकाळची वेळ, दारावर लाल कागद, बैठकीत नातेवाइकांची गर्दी. बायकोने निघताना पिशवीत नारळ, तांदूळ आणि खण घेतला होता. मी म्हणालो, अगं, हे त्यांच्याकडे नसतं. ती म्हणाली, "नवरी आहे ना? मग असतं."

मुलगी आणि जावई आई-वडिलांपुढे गुडघे टेकून बसले. हिरवे पेले, आत सोनेरी चहा. आँटीने पेला दोन्ही हातांनी घेतला. प्यायली, पेला ताटात ठेवला, आणि डोळे न पुसता तसेच वाहू दिले. मग काका, मावश्या, वयाच्या क्रमाने. विहीणबाईंनी पेला उजेडात धरून फिरवून बघितला आणि मान डोलावली.

सगळं झाल्यावर आँटीने आम्हाला बोटाने खुणावलं. "तुम्ही दोघं. बसा."

"आम्ही नातेवाईक नाही," मी म्हणालो.

"पेले तू दोनदा भाजायला लावलेस. बस."

आम्ही त्या दोन खुर्च्यांवर बसलो. नवरी गुडघे टेकून माझ्यापुढे आली, पेला दोन्ही हातांनी पुढे केला. बायकोने पिशवी उघडून तिच्या ओटीत नारळ, तांदूळ, खण घातला. कोणाला काहीच कळलं नाही आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी फोनवर सगळं टिपत होती.

माझे हात पुढे गेले आणि पेल्यापासून बोटभर अंतरावर थांबले. सकाळी मी आंघोळ साध्या साबणाने केली होती. तरी थांबले.

आँटीने ते बघितलं. "घे लाह," ती माझ्या खुर्चीमागून म्हणाली. "आता भाजून झालाय. आता तेल लाव, काय वाटेल ते लाव, त्याला काही होत नाही."

मी काठाला अंगठा लावला आणि चहा प्यायलो.